‘असतं तर’ इंग्रजीत कसं सांगायचं? इफच्या वाक्यांची सविस्तर उकल

झिरो, फर्स्ट, सेकंड, थर्ड. इफच्या वाक्यांचे हे चार प्रकार आणि त्यांची सूत्रं आपल्याकडच्या बारावीच्या मुलांना तोंडपाठ असतात. तरीही तोच मुलगा वहीत ‘इफ इट विल रेन, वी विल सो’ असं लिहितो आणि मुलाखतीत ‘इफ आय वुड हॅव मनी’ म्हणून बसतो. सूत्र येतं, पण वाक्य चुकतं, कारण वाक्य डोक्यात मराठीत तयार होतं. मराठीच्या जर-तरमध्ये क्रियापदाचं जे रूप येतं, ते उचलून इंग्रजीत ठेवता येत नाही. कुठलं मराठी रूप इंग्रजीत कुठं जातं हे एकदा कळलं, की चार सूत्रं घोकायची गरज फारशी उरत नाही.

लातूर, बीड, परभणी, नांदेड, हिंगोलीकडं दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली आणि पुढं बारावी, एमपीएससी किंवा वाळूज-शेंद्र्याच्या कंपनीतल्या मुलाखतीसाठी इंग्रजीशी झगडणारी जी मुलं-मुली आहेत, त्यांना समोर ठेवून हे लिहितोय. इंग्रजी वाक्यं मुद्दाम देवनागरीत दिली आहेत, म्हणजे ती मोठ्यानं म्हणता येतील. वहीत उतरवताना मात्र इंग्रजी स्पेलिंगनंच उतरवा.

आधी मराठी वाक्याकडं नीट बघा

ही चार वाक्यं वाचा.

लाईट गेली की मोटर बंद पडते.
उद्या पाऊस पडला तर पेरणी करू.
आपल्याकडं कॅनॉलचं पाणी असतं तर यंदा ऊस लावला असता.
गेल्या वर्षी पाऊस वेळेवर झाला असता तर दुबार पेरणी टळली असती.

पहिलं वाक्य नेहमीचं आहे. जेव्हा जेव्हा लाईट जाते तेव्हा तेव्हा असंच होतं. दुसरं उद्याचं आहे; पाऊस पडेल किंवा पडणार नाही, पण पडू शकतो. तिसऱ्यात कॅनॉलचं पाणी आजच्या घडीला नाहीच, आपण नुसती कल्पना करतोय. चौथ्यातली गोष्ट होऊन गेली, आता ती बदलणार नाही.

आता रूपं बघा. दुसऱ्या वाक्यात गोष्ट उद्याची आहे, पण रूप ‘पडला’ आहे, म्हणजे दिसायला भूतकाळ. तिसऱ्या आणि चौथ्या वाक्यात एक गोष्ट आजची आणि दुसरी गेल्या वर्षीची आहे, तरी शेवट सारखाच: ‘लावला असता’, ‘टळली असती’. मराठीला ते चालतं, ऐकणारा संदर्भावरून समजून घेतो. इंग्रजीला चालत नाही. आपल्या बहुतेक चुका या दोन जागांवर होतात.

म्हणून इंग्रजी वाक्य उघडण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. पहिला: ही गोष्ट घडू शकते, की मी फक्त कल्पना करतोय? कल्पना असेल तरच दुसरा: ती आजची कल्पना आहे की होऊन गेलेल्या काळाची? उत्तरं मिळाली की रूप आपोआप ठरतं. पुढचा सगळा लेख या दोन प्रश्नांवरच उभा आहे.

‘की’ची वाक्यं

मराठीत ‘गेली की’, ‘आला की’, ‘तापलं की’ असं येतं, तिथं इंग्रजीत दोन्ही बाजूंना साधा वर्तमानकाळ ठेवा. ‘इफ द पॉवर गोज, द पंप स्टॉप्स.’ ‘इफ यू हीट आइस, इट मेल्ट्स.’ यात ‘इफ’च्या जागी ‘व्हेन’ टाकलं तरी अर्थ जवळपास तोच राहतो. हा प्रकार ओळखायची ही सोपी खूण आहे. दुसऱ्या भागात सूचनाही देता येते: ‘इफ द मोटर गेट्स हॉट, स्विच इट ऑफ.’ यालाच झिरो कंडिशनल म्हणतात. यात चुकण्यासारखं एकच आहे, ते म्हणजे एकवचनी कर्त्यापुढचा ‘एस’. ‘द पंप स्टॉप’ नाही, ‘द पंप स्टॉप्स’.

जुन्या सवयीबद्दल बोलायचं असेल, म्हणजे ‘नदीला पूर आला की शाळेला सुट्टी मिळायची’, तर दोन्ही बाजू भूतकाळात न्या: ‘इफ द रिव्हर फ्लडेड, वी गॉट अ हॉलिडे.’

उद्याचं वाक्य: ‘पडला तर’

वर्गात हा भाग आला की एखादी हुशार मुलगी हमखास विचारते, “सर, ‘पडला’ हा तर पास्ट झाला की. मग ‘इफ इट रेन्ड’ का नाही?”

प्रश्न अगदी योग्य आहे. तिला मी उलट विचारतो, “पाऊस कधी पडणार म्हणतेस?”

“उद्या.”

“पडू शकतो का?”

“हो, आभाळ आलंय ना.”

“मग हा पास्ट नाही. ‘पडला’ हे मराठीचं रूप झालं. इंग्रजी इथं वर्तमानकाळ वापरते.”

“बरं, मग उद्याचं आहे तर ‘इफ इट विल रेन’ का नाही, सर?”

तिचा हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. इंग्रजीत ‘इफ’, ‘व्हेन’, ‘अनटिल’, ‘बिफोर’, ‘अॅज सून अॅज’ या शब्दांनी सुरू होणाऱ्या भागात भविष्याची गोष्ट साध्या वर्तमानकाळातच सांगतात. भविष्य दाखवायचं काम वाक्याचा दुसरा भाग करतो, तिथं ‘विल’ येतं. म्हणून ‘इफ इट रेन्स टुमॉरो, वी विल सो सोयाबीन.’ त्याच नियमानं ‘व्हेन द देवगिरी एक्सप्रेस कम्स, आय विल कॉल यू.’ एकच नियम पाच-सहा शब्दांना लागू पडतो, म्हणून तो फक्त ‘इफ’चा म्हणून लक्षात ठेवू नका.

आता एक वाक्य पायरीपायरीनं बांधू. आपल्याला म्हणायचंय, ‘75 मिलिमीटर पाऊस झाला तर आम्ही सोमवारी पेरणी सुरू करू.’

घडू शकतं का? हो. म्हणजे उद्याचा प्रकार. अटीचा भाग कुठला? ‘75 मिलिमीटर पाऊस झाला तर.’ कर्ता ‘वी’ घेऊ, क्रियापद ‘गेट’, साधा वर्तमानकाळ: ‘इफ वी गेट 75 मिलिमीटर्स ऑफ रेन’. स्वल्पविराम द्या. मग निकालाचा भाग: ‘वी विल स्टार्ट सोइंग ऑन मंडे’. वाक्य झालं.

‘तर’साठी वेगळा शब्द शोधू नका. ‘इफ... देन’ चूक नाही, पण रोजच्या इंग्रजीत प्रत्येक वाक्यात ‘देन’ घातलं की ते अवघडल्यासारखं वाटतं. तिथं स्वल्पविराम पुरतो. आणि ‘इफ’चा भाग शेवटी नेला तर सहसा स्वल्पविरामही लागत नाही: ‘वी विल स्टार्ट सोइंग इफ वी गेट 75 मिलिमीटर्स ऑफ रेन.’

निकालाच्या भागात दरवेळी ‘विल’च हवं असं नाही. मोंढ्यात माल घेऊन गेलेला शेतकरी खात्रीनं बोलत नाही, तो म्हणतो, ‘भाव वाढला तर पुढच्या आठवड्यात विकूही.’ तिथं ‘मे’ किंवा ‘माइट’ बसतं: ‘इफ द प्राइस राइजेस, वी मे सेल नेक्स्ट वीक.’ शक्य असल्याचं सांगायचं तर ‘कॅन’, सल्ला द्यायचा तर ‘शुड’, थेट सांगायचं तर आज्ञार्थ: ‘इफ यू रीच जालना बाय नाइन, कॉल मी.’

दोन अपवाद माहीत असू द्या, नाहीतर नियम पाळता पाळता बरोबर वाक्यही चूक वाटायला लागतं. एक, विनंतीत ‘इफ’जवळ ‘विल’ येऊ शकतं. कंपनीच्या रिसेप्शनवर ‘इफ यू विल सिट हियर, आय विल कॉल द मॅनेजर’ असं ऐकू येईल. तिथं ‘विल’चा अर्थ ‘कृपया बसाल तर’ असा आहे. दोन, ‘तो येईल की नाही माहीत नाही’ या वाक्यात अट नाहीच. ‘आय डोन्ट नो इफ ही विल कम’ हे वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. तिथं ‘इफ’ म्हणजे ‘वेदर’, ‘की नाही’. नियम शिकलेली मुलं इथलं ‘विल’ खोडून टाकतात, तसं करू नका.

‘असतं तर’: आज की तेव्हा?

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

‘माझ्याकडं पैसे असते तर मी ट्रॅक्टर घेतला असता.’ या एका मराठी वाक्याची इंग्रजीत दोन वाक्यं होतात, आणि दोन्ही बरोबर आहेत. फक्त ती वेगवेगळ्या वेळी म्हणायची.

बोलणारा आज ट्रॅक्टरच्या शोरूमसमोर उभा आहे, खिशात पैसे नाहीत. तो म्हणेल: ‘इफ आय हॅड मनी, आय वुड बाय अ ट्रॅक्टर.’ हे सेकंड कंडिशनल.

बोलणारा गेल्या दिवाळीबद्दल सांगतोय. तेव्हा ट्रॅक्टर स्वस्त मिळत होता, पण हात रिकामे होते. तो म्हणेल: ‘इफ आय हॅड हॅड मनी लास्ट दिवाळी, आय वुड हॅव बॉट अ ट्रॅक्टर.’ हे थर्ड कंडिशनल.

कुठलं घ्यायचं हे ओळखायची रीत सोपी आहे. मराठी वाक्याच्या सुरुवातीला आधी ‘आज’ किंवा ‘आत्ता’ लावून बघा, मग ‘तेव्हा’ किंवा ‘गेल्या वर्षी’ लावून बघा. जे तुमच्या मनातल्या अर्थाला जुळेल, त्यावरून प्रकार ठरवा. परीक्षेत संदर्भ दिलेला नसेल तर वाक्यातला काळ दाखवणारा एखादा शब्द शोधा: ‘काल’, ‘तेव्हा’, ‘परवा’, ‘लहानपणी’. असा शब्द दिसला की बहुधा थर्ड.

यामागचं तर्कशास्त्र कळलं की सूत्र पाठ करायला लागत नाही. गोष्ट खरी नाही हे दाखवायला इंग्रजी क्रियापदाला काळात एक पायरी मागं नेते. आजची कल्पना असेल तर वर्तमानकाळाऐवजी भूतकाळ: ‘हॅव’चं ‘हॅड’. भूतकाळातली कल्पना असेल तर भूतकाळ आधीच वापरलेला, म्हणून आणखी एक पायरी मागं, पास्ट परफेक्ट: ‘हॅड’चं ‘हॅड हॅड’. मुलं ‘हॅड हॅड’ बघून गोंधळतात, छापताना चूक झाली असं त्यांना वाटतं. पण पहिलं ‘हॅड’ सहाय्यक क्रियापद आहे आणि दुसरं ‘हॅव’चं तिसरं रूप, जसं ‘हॅड गॉन’मधलं ‘गॉन’. ‘हॅड सीन’ म्हणताना जशी शंका येत नाही, तशी इथंही यायचं कारण नाही.

निकालाच्या भागात आजच्या कल्पनेला ‘वुड’ आणि क्रियापदाचं पहिलं रूप लागतं, होऊन गेलेल्या कल्पनेला ‘वुड हॅव’ आणि तिसरं रूप. ‘वुड’ सहसा ‘इफ’च्या भागात नको. ‘इफ आय वुड हॅव मनी’ ही चूक आपल्याकडं इतकी रुळली आहे की ती ऐकून ऐकून बरोबर वाटू लागते. वाक्य लिहून झालं की ‘इफ’पासून स्वल्पविरामापर्यंत बोट फिरवा. त्यात ‘वुड’ दिसलं तर बहुतेक वेळा ते चुकलेलं असतं.

‘वेअर’बद्दलही सांगतो. आजच्या कल्पनेत ‘बी’चं रूप सगळ्या कर्त्यांना ‘वेअर’ होतं: ‘इफ आय वेअर यू’, ‘इफ माय फादर वेअर हियर’. बोलताना इंग्रज लोक ‘इफ आय वॉज’ही म्हणतात, पण परीक्षेत आणि लेखी इंग्रजीत ‘वेअर’च ठेवा. ‘इफ आय वेअर यू’ सल्ला देण्यासाठी फार कामाचं आहे. मराठीत आपण म्हणतो, ‘तुझ्या जागी मी असतो तर फॉर्म आजच भरला असता.’ इंग्रजीत: ‘इफ आय वेअर यू, आय वुड फिल इन द फॉर्म टुडे.’

मुलाखतीतला प्रश्न

एमपीएससीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्यांनी हा भाग तोंडी घोटावा. समोरून प्रश्न येतो: ‘व्हॉट वुड यू डू इफ यू वेअर द कलेक्टर ऑफ बीड?’ प्रश्नात ‘वुड’ आणि ‘वेअर’ आहे, म्हणजे विचारणाऱ्यानं कल्पनेचा प्रकार निवडलाय. उत्तरही त्याच प्रकारात द्यायचं. आपली मुलं इथं ‘आय विल’ सुरू करतात आणि प्रश्न एका प्रकारात, उत्तर दुसऱ्या प्रकारात असं होऊन बसतं.

उत्तर असं बांधा. पहिल्या वाक्यात अट एकदाच सांगा: ‘इफ आय वेअर द कलेक्टर ऑफ बीड, आय वुड फर्स्ट मीट द फॅमिलीज हू मायग्रेट फॉर शुगरकेन कटिंग.’ त्यानंतर ‘इफ’ परत म्हणायची गरज नाही, पण ‘वुड’ सोडायचं नाही: ‘आय वुड फाइंड आउट वेअर देअर चिल्ड्रन स्टडी ड्युरिंग दोज मंथ्स. आय वुड टॉक टू द सरपंच अँड द टीचर्स. आय वुड ट्राय टू ओपन हॉस्टेल्स फॉर दोज चिल्ड्रन इन देअर ओन व्हिलेजेस.’ चार वाक्यं, सगळी ‘आय वुड’वर उभी. ऊसतोडीला जाणारी कुटुंबं बीडमध्ये किती आहेत हे त्या भागातल्या मुलाला वेगळं सांगावं लागत नाही, त्यामुळं मुद्द्यांची ओढाताण होत नाही आणि सगळं लक्ष भाषेवर ठेवता येतं. आपल्या माहितीतल्या विषयावर सराव करण्याचा हाच फायदा.

स्वतःबद्दल बोलताना मात्र निवड तुमच्या हातात असते. ‘इफ आय बिकम अ डेप्युटी कलेक्टर, आय विल वर्क ऑन ड्रिंकिंग वॉटर’ म्हणालात तर ऐकणाऱ्याला कळतं की तुम्ही हे होईल असं धरून चालला आहात. ‘इफ आय बिकेम... आय वुड...’ म्हणालात तर ते स्वप्नासारखं, लांबचं वाटतं. माझं मत विचाराल तर अभ्यास करून आलेल्या उमेदवारानं पहिलं रूप वापरावं.

होऊन गेलेलं

थर्ड कंडिशनल म्हणजे खरी घटना उलटी करून बघणं, हे डोक्यात पक्कं बसवा. खरी गोष्ट होकारार्थी असेल तर वाक्यात नकार येतो, नकारार्थी असेल तर होकार येतो.

2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे लातूरकर विसरणार नाहीत. दोन खऱ्या गोष्टी इंग्रजीत लिहू: ‘द रेन्स फेल्ड. लातूर नीडेड अ वॉटर ट्रेन.’ आता दोन्ही उलट्या करा. पाऊस चुकला, त्याचं ‘हॅड नॉट फेल्ड’. गाडी लागली, त्याचं ‘वुड नॉट हॅव नीडेड’. जोडा: ‘इफ द रेन्स हॅड नॉट फेल्ड, लातूर वुड नॉट हॅव नीडेड अ वॉटर ट्रेन.’ ‘अॅज’ किंवा ‘बिकॉज’नं जोडलेलं भूतकाळातलं वाक्य ‘इफ’नं सुरू करून लिहायला सांगितलं, तरी युक्ती हीच: दोन्ही भागांचा होकार-नकार उलटा करा.

निकालाची खात्री किती आहे त्यानुसार शब्द बदलतो, आणि इथं शब्दाचं वजन जपावं लागतं. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक घरात झोपले होते. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. त्याबद्दल ‘इफ द हाउसेस हॅड बीन लायटर, एव्हरीबडी वुड हॅव सर्वाइव्ड’ असं लिहिणं बरोबर नाही. व्याकरण ठीक आहे, पण ‘वुड हॅव’ म्हणजे पक्की खात्री, आणि सगळेच वाचले असते असं कुणालाच म्हणता येणार नाही. ‘मेनी मोर पीपल माइट हॅव सर्वाइव्ड’ हे खरं वाक्य. ‘माइट हॅव’ म्हणजे ‘कदाचित... असते’, ‘कुड हॅव’ म्हणजे ‘... शकले असते’. निबंधात या तीन शब्दांतला फरक पाळलात तर तुमचं लिखाण लगेच वेगळं दिसेल.

कधी कधी अट भूतकाळातली आणि परिणाम आजचा असतो. पैठणला गोदावरीवरच्या जायकवाडीची पायाभरणी 1965 मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि 1976 मध्ये धरणाचं उद्घाटन झालं. धरण तेव्हा बांधलं, त्याचा जलाशय म्हणजे नाथसागर आज आहे. म्हणून पहिला भाग थर्डचा, दुसरा सेकंडचा: ‘इफ द डॅम हॅड नॉट बीन बिल्ट, नाथसागर वुड नॉट एग्झिस्ट टुडे.’ याला मिक्स्ड कंडिशनल म्हणतात. नावाला घाबरू नका. प्रत्येक भागाला ‘तेव्हा की आज?’ हा प्रश्न वेगवेगळा विचारला की काम झालं.

ऐकताना हे प्रकार ओळखणं अवघड जातं, कारण बोलणारे शब्द आखडतात. ‘वुड हॅव’ कानाला ‘वुडव्ह’ ऐकू येतं. ते ‘वुड ऑफ’ समजून लिहू नका. ‘आय’ड’ म्हणजे ‘आय हॅड’ असू शकतं किंवा ‘आय वुड’. पुढं तिसरं रूप असेल तर ‘हॅड’, पहिलं असेल तर ‘वुड’.

‘अनलेस’ आणि त्याची भावंडं

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा आणि कृषी विभागाचा सल्ला आपण जूनमध्ये दरवर्षी वाचतो: 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. ‘झाल्याशिवाय... नको’ म्हणजेच ‘अनलेस’. ‘डू नॉट सो अनलेस यू गेट 75 टू 100 मिलिमीटर्स ऑफ रेन.’ ‘अनलेस’च्या पोटात नकार आधीच आहे, म्हणून त्याच्या भागात ‘नॉट’ घालायचं नाही. काळाचा नियम ‘इफ’सारखाच: ‘अनलेस यू विल गेट’ नाही.

बोर्डाच्या पेपरात ‘अनलेस’ वापरून वाक्य पुन्हा लिहायला सांगतात. ‘इफ यू डू नॉट रन, यू विल मिस द बस’ असं दिलं असेल तर ‘इफ’ आणि ‘डू नॉट’ काढून ‘अनलेस’ घाला: ‘अनलेस यू रन, यू विल मिस द बस.’ दुसरा भाग जसाच्या तसा. पण ‘इफ यू रन, यू विल कॅच द बस’ असं होकारार्थी दिलं असेल, तर पहिला भाग तसाच ठेवून दुसऱ्यात नकार आणावा लागतो: ‘अनलेस यू रन, यू विल नॉट कॅच द बस.’ इथं गुण जातात, कारण मुलं ‘अनलेस’ घालतात आणि दुसऱ्या भागाला हातच लावत नाहीत.

‘प्रोव्हायडेड दॅट’ आणि ‘अॅज लाँग अॅज’ म्हणजे ‘या अटीवर’. काळाचे नियम तेच. ‘इन केस’ मात्र वेगळं आहे. ‘टेक अॅन अम्ब्रेला इन केस इट रेन्स’ म्हणजे पाऊस पडला तर मग छत्री घे असं नाही, तर पडला तर असावी म्हणून आधीच घे.

सरकारी पत्रांत ‘आवश्यकता भासल्यास’ असं येतं ना, तसं इंग्रजी पत्रात ‘इफ’ गाळून ‘शुड’ पुढं आणतात: ‘शुड यू नीड एनी डॉक्युमेंट्स, प्लीज कॉन्टॅक्ट द ऑफिस.’ तसंच ‘हॅड आय नोन’ म्हणजे ‘इफ आय हॅड नोन’. हे ओळखता आलं तरी पुष्कळ, बोलताना वापरायची घाई नको.

सराव कसा करायचा

एकाच प्रसंगाची तीन वाक्यं करायची सवय लावा. अंबाजोगाईची एसटी पकडायची आहे आणि घरात उशीर होतोय: ‘इफ वी डोन्ट हरी, वी विल मिस द बस.’ बस गेली, स्टँडवर उभे आहोत: ‘इफ वी हॅड लेफ्ट अर्लियर, वी वुड हॅव कॉट इट.’ पुढची बस दोन तासांनी आहे, शेजारून एक जण बाईकवर निघून जातो: ‘इफ वी हॅड अ बाईक, वी वुड नॉट नीड द बस.’ प्रसंग तोच, बोलण्याची वेळ बदलत गेली. असं रोज एका प्रसंगाचं लिहा आणि फोनवर रेकॉर्ड करून ऐका. लिहिताना न दिसलेलं ‘विल’ आणि ‘वुड’ ऐकताना पकडलं जातं. घरात लहान भाऊ-बहीण असेल तर त्यांना शिकवायला घ्या. ती जो ‘का?’ विचारतात तो फार उपयोगी पडतो.

आता ही वाक्यं आधी स्वतः इंग्रजीत करा, मग पुढची उत्तरं बघा: लाईट आली की मी विहिरीवरची मोटर सुरू करतो. तू आत्ता फोन केलास तर तो भेटेल. मला कन्नड भाषा येत असती तर मी बिदरला नोकरी केली असती. काल तू सांगितलं असतंस तर मी थांबलो असतो. फी भरल्याशिवाय हॉल तिकीट मिळणार नाही. बाबा घरी असते तर त्यांनी सही केली असती.

उत्तरं: ‘व्हेन द पॉवर कम्स, आय स्टार्ट द पंप अॅट द वेल.’ इथं ‘इफ’पेक्षा ‘व्हेन’ बरं, कारण लाईट येणार हे धरलेलंच आहे. ‘इफ यू कॉल नाउ, यू विल गेट हिम.’ ‘इफ आय न्यू कन्नडा, आय वुड वर्क इन बिदर’. भाषा आजही येत नाही, म्हणून सेकंड. ‘इफ यू हॅड टोल्ड मी येस्टरडे, आय वुड हॅव वेटेड.’ ‘अनलेस यू पे द फीज, यू विल नॉट गेट द हॉल तिकीट.’ शेवटच्या वाक्याची दोन उत्तरं आहेत. फॉर्म आत्ता हातात असेल तर ‘इफ माय फादर वेअर अॅट होम, ही वुड साइन इट’. आणि शेवटची तारीख काल होऊन गेली असेल तर ‘इफ माय फादर हॅड बीन अॅट होम, ही वुड हॅव साइन्ड इट’.